वाचकांचे प्रश्न : पहिली परदेशवारी आणि लिस्बन

गेल्या महिन्यात या सदरात ‘पहिल्या परदेशवारीसाठी युरोपातील एकच शहर निवडायचे असेल, तर पोर्तुगालची राजधानी लिस्बन जरूर विचारात घ्यावी’ असे एका ओळीत लिहिले होते. त्या ओळीवर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी निवृत्त आहोत आणि मे महिन्यात प्रथमच युरोपला जाण्याचे ठरते आहे. एका सहल कंपनीने दहा दिवसांत पाच देश दाखवण्याचा कार्यक्रम पुढे केला आहे. मुलगी मात्र म्हणते, ‘आई, एकाच शहरात राहा.’ एवढा खर्च करून एकच शहर पाहून परतायचे, हे मनाला पटत नाही. शिवाय यांचे गुडघे दुखतात आणि लिस्बन टेकड्यांवर वसले आहे असे ऐकले. आम्ही काय करावे? — एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : मुलीचे म्हणणे बरोबर आहे. दहा दिवसांत पाच देश म्हणजे पहाटे उठून बॅगा भरायच्या, घाईघाईने न्याहारी उरकायची, चार-पाच तास बसमध्ये बसायचे आणि ज्या ठिकाणासाठी हा खटाटोप केला तेथे जेमतेम तासभर उतरून छायाचित्रे काढायची. तरुणपणी हे निभावून जाते. गुडघे दुखत असताना बसच्या पायऱ्या दिवसातून अनेकदा चढणे-उतरणे हीच शिक्षा होऊन बसते. एका शहरात आठवडाभर मुक्काम असला, तर पाय भरून आले म्हणून दुपारी खोलीवर येऊन आडवे होता येते आणि त्यामुळे काही बुडत नाही. पहिल्या खेपेला ही मोकळीक मला यादीतल्या ठिकाणांपेक्षा मोलाची वाटते.

टेकड्यांविषयी आपण ऐकले ते खरे आहे. लिस्बन हे सात टेकड्यांचे शहर म्हणूनच ओळखले जाते. त्यातही चढापेक्षा अधिक त्रास देते ती पायाखालची फरसबंदी. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे मुठीएवढे तुकडे बसवून केलेली ती नक्षी फार देखणी दिसते. पण लाखो पावलांनी झिजून गुळगुळीत झालेली असल्याने पावसाची एक सर येऊन गेली की तिच्यावरून पाय हमखास घसरतो. चामडी तळव्याच्या चपला घरीच ठेवाव्यात. रबरी तळव्याचे बूट महिनाभर आधी घेऊन उपवन तळ्याकाठी रोज फिरताना ते पायाला बसवून घ्यावेत. गुडघे दुखणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, हे मात्र प्रवास-मार्गदर्शिका लिहिणारे विसरतात. ‘वर वाहनाने जा आणि रमतगमत पायी खाली या’ हा त्यांचा आवडता सल्ला आपण पाळू नये. वर जाणेही वाहनाने आणि खाली येणेही वाहनानेच. पायी हिंडायचे ते सपाटीवर. एका दिवसात एका टेकडीहून अधिक चढायचे नाही, एवढा नियम ठेवला की शहर आपोआप आटोक्यात येते.

सुरुवात बायशा या सपाट भागापासून करावी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये जमलेले असताना लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ तेजो नदीच्या मुखातून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या आणि नंतर भडकलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. त्या राखेवर राजाचा मंत्री मार्किश दे पोंबाल याने हा भाग काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचा करून नव्याने उभारला. तेथील इमारतींच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा दडवलेला आहे. हादरा बसला की दगडी बांधकाम कोसळले तरी पिंजऱ्याने उभे राहावे, अशी ती योजना होती. त्या दिवसाची खूण पाहायची असेल, तर वरच्या अंगाला असलेल्या कार्मो मठात जावे. त्याचे छप्पर भूकंपात कोसळले, त्याचा दुरुस्तीचा प्रयत्न अर्ध्यावर राहिला, आणि आज त्याच्या कमानींमधून थेट आकाश दिसते. बायशातून तेथे चढण्यासाठी सांता जुस्ता हा १९०२ सालचा लोखंडी लिफ्ट-मनोरा आहे, पण त्याची रांग फार लांब असते. त्याऐवजी बायशा-शियादो या मेट्रो स्थानकात शिरून सरकत्या जिन्यांनी शियादो या वरच्या भागाच्या बाजूला बाहेर पडावे; गुडघे वाचतात आणि तिकीटही लागत नाही.

दुसरा सपाट भाग बेलेमचा. नदीकाठी पसरलेल्या या उपनगरात पंधरा क्रमांकाच्या ट्रामने जाता येते. त्याविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहेच. बायशातील प्रासा दा फिगैरा या चौकातून टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यापर्यंत ७३७ क्रमांकाची छोटी बस जाते. किल्ला पाहून त्याच बसने परतावे. आल्फामा ही किल्ल्याखालची जुनी वस्ती बरीचशी भूकंपातून वाचली. तिच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच पायऱ्या आहेत, म्हणून पोर्ताश दु सोल या सज्जावरून ती लाल कौले आणि पलीकडची नदी डोळे भरून पाहिली तरी पुरे. अठ्ठावीस क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामचा बराच बोलबाला आहे. तीत बसायचेच असेल तर सकाळी लवकर मार्तिम मोनिझ या पहिल्या थांब्यावर बसावे, कारण मधल्या थांब्यांवर लोंबकळायलाही जागा नसते आणि खिसेकापूंना ही ट्राम फार प्रिय आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया या उतारावरील केबलच्या गाडीला भीषण अपघात होऊन १६ जण दगावले आणि त्यानंतर शहरातील अशा सर्वच गाड्या तपासणीसाठी थांबवण्यात आल्या होत्या, म्हणून आपला बेत त्यांच्यावर अवलंबून ठेवू नये.

एक दिवस सिंत्रा या जवळच्या गावासाठी ठेवावा. रोसिऊ स्थानकातून गाडी निघते आणि सुमारे चाळीस मिनिटांत पोचते. पिवळ्या-तांबड्या रंगाच्या पेना राजवाड्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते. ते घरूनच काढावे. बाकीचे दिवस मोकळे राहिले तर राहू द्यावेत.

प्रश्न : आम्ही पाच जण, त्यांत सासूबाई. आम्ही शाकाहारी आहोत. मुले अंडे खातात, सासूबाई अंडेही खात नाहीत आणि संकष्टीचा उपवास प्रवासातही मोडत नाहीत. लिस्बनमध्ये त्यांची उपासमार होईल का? — एक वाचक, खारघर

उत्तर : उपासमार होणार नाही, पण सावध राहावे लागेल. लिस्बनचे स्वयंपाकघर मासे, डुकराचे मांस आणि अंडी या तिघांवर चालते. तेथील प्रसिद्ध मिठाया मुळात मठांमधल्या आहेत आणि त्यांचा जीव अंड्याच्या पिवळ्या बलकात असतो. मठवासी कपड्यांना खळ करण्यासाठी पांढरा बलक वापरीत आणि उरलेल्या पिवळ्यातून ही पक्वान्ने जन्मली, असे सांगतात. पाश्तेल दे नाता हा पापुद्र्यांच्या वाटीतला खरपूस कस्टर्ड-टार्ट याच घराण्यातला. १८३७ पासून बेलेममध्ये एका दुकानात तो गुप्त पाककृतीने केला जातो; वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून गरम असतानाच खायचा. मुलांनी तो अवश्य खावा, सासूबाईंना चालणार नाही. तांदळाची दालचिनी घातलेली खीर पाहून त्या खूश होतील, पण तीतही अनेक ठिकाणी पिवळा बलक घालतात, म्हणून विचारल्याशिवाय वाटी पुढे करू नये.

सर्वांत फसवा पदार्थ आहे सामोसा. गोवा आणि मोझांबिकच्या मार्गाने तो लिस्बनच्या घराघरांत पोचला आहे आणि साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटातही गोड पावांशेजारी मांडलेला दिसतो. आपला त्रिकोणी आकार पाहून हात लगेच पुढे जातो. आत बहुधा खिमा असतो. काल्दो व्हेर्दे या बटाटा आणि हिरव्या पालेभाजीच्या दाटसर सूपचेही तसेच आहे. मूळ सूप उत्तम, पण वर शोरिसूची, म्हणजे गोव्यात चोरीस म्हणून मिळणाऱ्या सॉसेजची, एक चकती अलगद तरंगत असते. मागवतानाच ‘सें कार्न, सें पेश, सें ओव्हुश’, म्हणजे मांस नको, मासे नको, अंडी नको, असे सांगावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हटले तर सॅलडमध्ये ट्यूना येण्याची शक्यता असते, कारण मासा म्हणजे मांस नव्हे असे तेथे पुष्कळांना वाटते.

चीजविषयी मात्र एक आनंदाची गोष्ट सांगता येते. युरोपातील बऱ्याच चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात, म्हणून आपल्याकडचे अनेक जण ते टाळतात. पोर्तुगालची सेरा दा एश्त्रेला आणि अझैताँव ही मेंढीच्या दुधाची चीज मात्र परंपरेने एका काटेरी रानफुलाच्या अर्काने विरजतात. ताजा पाव, ऑलिव्ह आणि हे मऊ चीज एवढ्यावर सासूबाईंची एक वेळ निभावेल. टोमॅटो घालून केलेला ओलसर भात आणि भाज्यांचे सूप साध्या खाणावळींत मिळते. मार्तिम मोनिझ परिसरात भारतीय आणि बांगलादेशी वाणसामानाची दुकाने आहेत. शहराच्या उत्तर भागात राधाकृष्णाचे मंदिर आहे. ते प्रामुख्याने मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभारले असून तेथे शाकाहारी जेवणाची सोय असते. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.

पाच जण असल्याने हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली सदनिका घेणे हाच माझा आग्रह राहील. संध्याकाळी घरचा वरणभात झाला की दिवसभराच्या तडजोडी खुपत नाहीत. संकष्टीच्या दिवशी संत्री, केळी आणि उकडलेले बटाटे कुठेही मिळतील, साबुदाणा घरून न्यावा. चंद्रोदयाची वेळ मात्र लिस्बनची पाहावी. मे महिन्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते.

प्रश्न : घरून कोणते खाद्यपदार्थ नेता येतील? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. त्यात तूप, पेढे, खव्याची मिठाई, पनीर, इतकेच काय, दूधभुकटी घातलेले तयार चहाचे मिश्रणही आले. साजूक तुपातले लाडूही घरीच ठेवावेत. ताजी फळे, भाज्या आणि पाने नेण्यास वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नारळ, केळी, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना त्यातून सूट आहे. हापूस आणि कढीपत्ता यांना नाही. भाजणी, मेतकूट, पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, साबुदाणा हे निर्धास्त न्यावे. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नये, सुरक्षा तपासणीत तेलकट पदार्थ अडकतो.

प्रश्न : आम्ही मासे खाऊन वाढलेली माणसे. लिस्बनला जाऊन नेमके काय खावे, आणि आमच्या जिभेला ते रुचेल का? — एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : रुचेल, पण पहिले दोन दिवस मसाल्याची आठवण येईल. तेथे माशावर मीठ, लसूण, ऑलिव्ह तेल आणि लिंबू एवढेच पडते. मासा ताजा असेल तर त्याहून अधिक काही लागत नाही, अशी त्यांची धारणा आहे. कोथिंबीर मात्र सढळ हाताने वापरतात. लसूण, कोथिंबीर आणि ऑलिव्ह तेलात वाफवलेल्या शिंपल्या, ज्यांना तेथे आमैज्वाश म्हणतात, आपण मागवाव्यात. खाली उरलेला रस पावाने पुसून घेण्याची तेथेही रीत आहे. तिखट हवेच असेल तर पिरी-पिरी या मिरचीच्या सॉसची बाटली मागून घ्यावी.

पोर्तुगालचा राष्ट्रीय मासा बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, हा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. तो उत्तर अटलांटिकातून, आज प्रामुख्याने नॉर्वेहून येतो. आपल्याकडे बोंबील उन्हात वलांडीवर वाळतात, तसा हा मिठात मुरून वाळतो आणि लाकडाच्या फळीसारखा कडक होतो. दुकानात त्याचे हातभर लांब पांढुरके पट्टे एकावर एक रचलेले असतात आणि दुकानदार बसवलेल्या पात्याने त्यांचे तुकडे पाडून देतो. दारातच जो वास येतो, त्याने आपणास परके वाटणार नाही. शिजवण्यापूर्वी हा मासा एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. पहिल्यांदा खाताना बाकाल्याव आ ब्राश मागवावा. माशाच्या बारीक तंतूंत बटाट्याचे बारीक तळलेले काप आणि अंडे घालून केलेला हा पदार्थ लिस्बनचाच आहे. नुसता उकडलेला बाकाल्याव मला अजूनही सपक वाटतो.

तार्ली-पेडवे खाणाऱ्याने सार्डिन उन्हाळ्यातच खावेत, तेव्हाच त्यांच्यावर चरबी चढलेली असते. १२ जूनच्या रात्री संत अँटनीच्या उत्सवात आल्फामाच्या गल्लोगल्ली कोळशावर सार्डिन भाजतात आणि पावाच्या जाड फोडीवर ठेवून हातात देतात. गळणारे तेल पाव पितो, काटे आपण काढायचे.

पैशांच्या दोन गोष्टी. मोठ्या माशाचा दर फळ्यावर किलोला लिहिलेला असतो, म्हणून आधी तो तोलून किंमत विचारावी. आणि बसल्या बसल्या टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते पाहुणचाराचे नसते. खाल्ले तर बिलात लागते. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगावे, त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसाची ठरलेली थाळी, घेतली तर रात्रीच्या निम्म्या खर्चात पोट भरते.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवीत असे. वसईच्या मोहिमेचे कितीतरी तास घेतले. ज्यांच्याशी ती लढाई झाली त्यांची राजधानी पाहताना आमच्या भागाशी जोडलेले काय पाहावे? — एक निवृत्त शिक्षक, कोपरी, ठाणे

उत्तर : आपल्यासारख्या प्रवाशासाठी लिस्बनमध्ये पुष्कळ आहे. बेलेमचा झेरोनिमुश मठ सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल पहिला याने बांधायला घेतला आणि त्याचा खर्च आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरच्या सुमारे पाच टक्के करातून भागवला गेला. त्याच्या खांबांवर दोरखंड, गाठी, सागरी वनस्पती असे जहाजी जीवनाचे कोरीव काम आहे. आपल्या किनाऱ्यावरचा व्यापार त्या दगडांत कसा उतरला, हे लक्षात घेऊन ते पाहिले तर नुसत्या सौंदर्यापलीकडचे काही दिसते. मठाच्या चर्चमध्ये दाराशीच वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. समोरच्या बाजूला कवी कामोंइश याची कबर आहे, तोही काही वर्षे गोव्यात होता. मठ सोमवारी बंद असतो.

जवळच्या बेलेम मनोऱ्यावर एका बुरुजाच्या तळाशी गेंड्याचे झिजलेले शिल्प आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला एक गेंडा १५१५ मध्ये समुद्रमार्गे लिस्बनला पोचला होता, त्याची ती आठवण मानली जाते. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याच जनावराचे प्रसिद्ध चित्र स्वतः न पाहता, केवळ वर्णन आणि एका रेखाटनावरून काढले. मनोरा दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद ठेवतात. शिल्प बाहेरूनच पाहायचे असल्याने फार बिघडत नाही.

नदीकाठी दर्यावर्दींचे जे भव्य स्मारक दिसते, ते १९६० सालचे, सालाझारच्या हुकूमशाहीतले आहे. त्यात सगळे वीरच वीर आहेत. ज्यांच्या किनाऱ्यावर ते उतरले, त्यांच्यासाठी जागा नाही. माझ्या मते ते दुरून पाहावे आणि वाचवलेला वेळ साँव व्हिसेंते दे फोरा या मठाला द्यावा. तेथील राजघराण्याच्या दफनगृहात ब्रागांझाची कॅथरीन आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिचा विवाह ठरला, तेव्हा १६६१ च्या तहाने मुंबई आंदण म्हणून इंग्रजांना देण्यात आली. मुंबईपुरतेच ते आंदण होते. ठाणे, साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडेच राहिले, आणि म्हणूनच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले व मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा लढाई इंग्रजांशी नव्हे तर पोर्तुगिजांशी झाली. खाडीच्या दोन काठांचा इतिहास जेथे वेगळा झाला, तो करार जिच्यामुळे झाला ती राजकन्या येथे आहे. बहुतेक प्रवासी या दालनातून न थांबता पुढे जातात.

प्रश्न : फादो हे लिस्बनचे पारंपरिक संगीत ऐकायचे आहे. कोठे आणि कसे? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : आल्फामात, रात्री नऊनंतर. गायिका किंवा गायक, बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि सोबत साधी गिटार एवढाच संच असतो. गाणे सुरू होताना दिवे मंद करतात आणि वाढपीही थांबतात. त्या वेळी बोलणे किंवा चमच्याचा आवाज करणे असभ्य समजले जाते, म्हणून लहान मुलांना नेताना विचार करावा. जेवणासह किती रक्कम द्यावी लागेल, हे बसण्यापूर्वी विचारावे.

प्रश्न : व्हिसा आणि इतर तयारी थोडक्यात सांगावी. — एक वाचक, सानपाडा

उत्तर : पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत एकत्र चालणारा व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीत भेटीची तारीख मिळणेच कठीण असते, म्हणून दोन-तीन महिने आधी हालचाल करावी. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागतो. वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलणार असाल तर ही तपासणी तेथेच होते. तेव्हा दोन विमानांमध्ये तीन तासांचे अंतर ठेवावे.

लिस्बन महापालिका मुक्कामावर दर माणशी, दर रात्री ४ युरो कर घेते. हॉटेलच्या आगाऊ भरलेल्या रकमेत तो धरलेला नसू शकतो. मेट्रो, बस आणि ट्रामसाठी प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड घ्यावे लागते, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. आपले दोन पिनांचे चार्जर तेथे चालतात, तीन पिनांसाठी ॲडॅप्टर न्यावा.